टिंडलची खळी

दुकानात गुरांच्या मिठाच्या विटांच्या मांडणीमागून एक हॅट चालत येत होती. खाली माणूस असणारच, पण व्हर्ल टिपेटला दिसत होती ती फक्त हॅट. डाव्या अंगाला काठ खाली, उजव्या अंगाला वर. माथ्यावर मधोमध एकच लांब घडी आणि पुढे डावीकडे अंगठ्याएवढी खळी. उजवीकडे काही नाही.

अशी हॅट जगात एकाच खोऱ्यातली माणसे घालत, आणि ते खोरे चाळीस वर्षांपूर्वी धरणाखाली गेले होते.

"आर्डन?" व्हर्लच्या तोंडून निघून गेले.

मांडणी संपली आणि हॅटखालून पंचविशीची एक उंच पोरगी बाहेर आली. "मी शेल्बी," ती म्हणाली. "हॅटला आकार देणारे काका तुम्हीच ना?"

गल्ल्यावर बसलेली डॉट, म्हणजे दुकानाची मालकीण, खो खो हसली. "काका कसला, थेरडा आहे तो. पण वायोमिंगमध्ये त्याच्यासारखा हात नाही कुणाचा. ये पोरी. आणि हॅट अशी पालथी नको ठेवूस, नशीब सांडतं. माथा खाली, काठ वर!"

शेल्बीने जीभ चावली आणि हॅट उताणी केली. डॉटच्या या दुकानात पेंड, खोगिरे, औषधे असे सगळे मिळे, आणि मागच्या कोपऱ्यात व्हर्लची किटली दिवसभर वाफ सोडत बसलेली असे. वाफेवर हॅट मऊ करायची आणि गिऱ्हाइकाला हवा तसा आकार द्यायचा, हेच व्हर्लचे आयुष्य. त्यात सांगण्यासारखे काही नाही असे तो स्वतःच म्हणत असे.

"काय करायचंय?" त्याने विचारले. आवाज जरा जास्तच कोरडा निघाला.

"इथल्यासारखी करून द्या. सोमवारपासून मी वरच्या रँचवर कामाला लागलेय. तिथली पोरं पहिल्याच दिवशी म्हणाली, काय गं, गाय बसली होती का हिच्यावर? रोज विचारतात, तू कुठली, तू कुठली. वैताग आला."

व्हर्लला हसू आले नाही. बाविसाव्या वर्षी तो या गावात उतरला, तेव्हा त्यालाही हेच ऐकावे लागले होते. बुडालेल्या त्या खोऱ्यात, टिंडलमध्ये, खिंडीतून वारा सुटे, म्हणून काठ एका बाजूला खाली ओढलेला. खळी एकच का, ते मात्र कोणालाच सांगता यायचे नाही. बाप तशी घालायचा म्हणून मुलगा घालायचा. पण शंभर मैलांवरच्या बाजारातसुद्धा लांबून हॅट दिसली की कळायचे, आपला माणूस आला. इथे ते कळणारे कोण होते? आठ दिवस टोमणे खाल्ल्यावर व्हर्लने खाणावळीतली किटली मागून घेतली आणि आपली खळी आपल्याच हाताने बुजवली. देश तसा वेश. धंदाही त्याच किटलीवर शिकला.

आर्डन, त्याचा थोरला भाऊ, तसला नव्हता. पाणी चढू लागले तेव्हा तो घोडी घेऊन नेवाडाकडे गेला. नाताळला एखादे कार्ड यायचे, पुढे तेही बंद झाले. तेव्हापासून व्हर्ल गुरांच्या लिलावाला गेला की गुरे कमी आणि डोकी जास्त बघत असे. जेमतेम दोन-चार टिंडलवाले भेटले असतील. तेही आता गेले.

त्याने हॅट उचलली. मागच्या बाजूला काठ करपलेला होता, नखाएवढा. गुरांना डाग देताना सात वर्षांच्या व्हर्लच्या हातून तापलेली सळई तिथे टेकली होती. आर्डनने एक थोबाडीत दिली होती आणि मग दिवसभर त्याला आपल्याच घोड्यावर पुढ्यात बसवून हिंडवले होते.

"ही कुठं मिळाली तुला?"

"नेवाडात. एक म्हातारा वारला, त्याच्या घरमालकिणीनं सामान अंगणात मांडून विकायला काढलं होतं. माझं डोकं हे एवढं मोठं, कुठलीच हॅट बसत नाही. ही बसली."

टिपेटांची डोकी मोठीच. "केव्हा वारला?"

"गेल्या हिवाळ्यात. एकटाच होता म्हणे. कुणी आलं नाही, सरकारी लोकांनी पुरला." शेल्बीला सांगताना जरा अवघडल्यासारखे झाले. "भलता हट्टी, घरमालकीण सांगत होती. ती म्हणायची, हॅट चेपलीय, नीट करून आणते. तर हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, आमच्या गावची रीत आहे. गाव कुठं म्हटलं की म्हणायचा, पाण्यात."

व्हर्लने मान वळवली आणि उगीचच किटलीचे झाकण काढून पाहिले. पाणी भरपूर होते. डॉट वही मिटून त्याच्याकडे बघत होती.

"पोरी," तो शेवटी म्हणाला, "वर फळीवरची कुठलीही नवी हॅट घे. तुझ्या डोक्याला ताणून देतो. ही राहू दे इथं."

"नको हो काका!" तिने हॅट झटकन जवळ ओढली. "तिकडे पहिली नोकरी लागली, तेव्हा पहिली वस्तू घेतली ती ही. हिनं मला पाऊस दाखवला नाही की ऊन. लोक हसतात म्हणून आकार बदलतेय, हॅट नाही बदलायची मला."

एक वाक्य बोलायचे होते. माझ्या भावाची आहे. ती लगेच देऊन टाकेल, पोरगी मनाची बरी दिसत होती. मग ती फळीवरची नवी हॅट घालून जाईल आणि ही हॅट व्हर्लच्या घरी खुंटीवर लटकेल. आर्डनला खुंटी कधी मानवली नव्हती.

"आण इकडे," तो म्हणाला.

वाफेवर धरण्याआधी त्याने उजव्या हाताचा अंगठा खळीत ठेवला. बरोबर बसला. भावाला निरोप द्यायला याहून जास्त काही मिळणार नव्हते. मग त्याने हॅट वाफेत धरली. खळी सैल झाली, फुगली आणि हळूहळू माथ्यात मिसळून गेली. टिंडलच्या शाळेचे धुराडे पाण्याखाली जाताना त्याने असेच बघितले होते. तेव्हाही डोळे वळवता आले नव्हते.

नंतर त्याने दोन्ही बाजूंना सारख्या खळ्या घेतल्या, काठ सारखे वर वळवले. इथल्यासारखी, अगदी रुबाबदार. शेल्बी आरशात बघून हरखली. दारातून वळून म्हणाली, "आता कुणी विचारणार नाही, तू कुठली!"

"नाही विचारणार," व्हर्ल म्हणाला.

दार लागल्याबरोबर डॉट उठली. "आर्डनची होती ना रे?"

"हूं."

"मग सांगितलं का नाहीस, मेल्या? जन्मभर वाट बघितलीस!"

"तिला बसते गं ती. आर्डनला बसायची तशी. चालती राहू दे." त्याचे डोळे भरून आले होते आणि वाफेचे निमित्त सांगावे असेही त्याला वाटले नाही.

डॉट त्याच्या हाताशी कॉफी ठेवून गेली. व्हर्लने डोक्यावरची स्वतःची हॅट काढली. सारखे काठ, दोन खळ्या, चाळीस वर्षांची सवय. ती त्याने वाफेवर धरली. हात काही विसरले नव्हते. डावीकडे काठ खाली, उजवीकडे वर, मधोमध एक घडी. मग डावीकडे अंगठा दाबला आणि निवेपर्यंत तसाच दाबून धरला.

सायंकाळी तो रस्त्याच्या कडेने घराकडे निघाला. मागून एक गाडी येऊन मंदावली. शेजारचा ओटिस होता. वीस वर्षांची ओळख, पण पाठमोऱ्या हॅटवरून त्याला कळेना. खिडकीतून ओरडून म्हणाला, "ओ पाहुणे! सोडू का कुठं? कुठले तुम्ही?"

व्हर्ल थांबला. न वळता त्याने हॅट जराशी उचलली, अंगठा खळीत.

"टिंडलचा," तो म्हणाला.