खारीच्या टोपलीत किती मावतात?

आपण रंगवलेल्या खारीला एखादं पोर घाबरेल, हे आरतीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लातुरातल्या एका छोट्या कंपनीत ती मुलांच्या सॉफ्टवेअरसाठी हलती चित्रं करायची. तिची खार, झुबकी, पहिलीच्या पोरांना बेरजेची युक्ती शिकवायची. आठात पाच मिळवायचेत ना? मग पाचातले दोन उचलून आधी टोपली भरा, झाले दहा. उरले तीन, ते वर ठेवा. पोराचं चुकलं की झुबकी डोळे मिटून मान हलवायची. त्या मान हलवण्यावर आरतीचा भारी जीव. ऑफिसात येईल त्याला ती तेवढंच दाखवायची.

मग मुदखेडच्या शाळेतून शिल्पा मॅडमचा फोन आला. सगळी पोरं झुबकीवर फिदा होती, एक सालेहा सोडून. सालेहा आता टॅबला हातच लावेना. बेरीज म्हटलं की दप्तर पोटाशी धरून गप्प बसायची, आणि असंच चाललं तर गणिताचं नावच टाकेल, अशी मॅडमना धास्ती होती. गंमत म्हणजे तिचं शेवटचं उत्तर कधीच चुकत नव्हतं. चुकायचं ते मधलं.

मधलं चूक आणि शेवट बरोबर? हे काय गौडबंगाल आहे म्हणून आरती इतकी चक्रावली, की साहेबांना धड न विचारताच तिने नांदेडची बस पकडली आणि तिथून मुदखेड गाठलं.

सालेहा वर्गात खिडकीपाशी बसली होती. बोटभर वेणी, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. आरतीने टॅब पिशवीतून काढलाच नाही. मॅडमकडून चिंचोके मागून घेतले, आठांचा एक ढीग केला, पाचांचा दुसरा, आणि दोन्ही ढीग तिच्यापुढे सरकवले.

सालेहाने बराच वेळ अंदाज घेतला. मग पाचातले चार चिंचोके झटकन आठात सरकवले, उरलेला एक बोटाने बाजूला केला आणि म्हणाली, तेरा.

दोन नाही, चार. आरतीने विचारलं, "चारच का घेतलेस गं?"

"डझन भरला की," सालेहा म्हणाली. "वर एक."

"आणि दहा केले तर?"

सालेहाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ही बाई बाजारात कधी गेली तरी आहे का. "बांगड्या दहा कोण मागतंय? ह्या हातात सहा, त्या हातात सहा."

मग शिल्पा मॅडमना आठवलं. झुबकीची टोपली दहाला भरते हे पहिल्या धड्यात एकदाच सांगितलेलं, आणि त्या दिवशी सालेहा अब्बा चांदपाशांच्या बांगड्यांच्या दुकानाबरोबर माळेगावच्या जत्रेत होती. परत आली ती टोपल्या डझनाने भरतच. झुबकी रोज मान हलवत राहिली; का गं बाई, असं काही तिने एकदाही विचारलं नाही. विचारणार कुठून? आरतीने तिला तसं शिकवलंच नव्हतं. ज्या मान हलवण्याचा इतका तोरा मिरवला, त्याची आरतीला मनापासून लाज वाटली.

लातूरला परतल्यावर तिने ते हलणं पुसून टाकलं. साहेब कुरकुरले, पण आरती बधली नाही. आता पोराने वेगळं काही केलं की झुबकी शेपटीवर टेकून बसायची, कान टवकारायची आणि म्हणायची, "तू कसं केलंस? मला दाखव. माझ्या टोपलीत दहाच मावतात."

ती नवी झुबकी घेऊन आरती पुन्हा मुदखेडला गेली. सालेहाने टॅब आधी लांबूनच न्याहाळला. झुबकीचा प्रश्न ऐकून मात्र ती हळूच पुढे सरकली आणि टोपलीबाहेर फळांचे एकामागून एक डझन लावून दाखवू लागली. वर आणि झुबकीला, "ऐसा करते, देख," म्हणून समजावणंही सुरू झालं. आरतीला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मग नऊ अधिक चार आलं. सालेहाचं बोट चारांवर घुटमळलं. तिने एकच फळ उचललं आणि टोपलीत टाकलं. टोपली भरली, झुबकी नाचली, वर तीन उरली.

आरती चाट पडली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धाकही दाखवला नव्हता. तिने विचारलं, "आज डझन नाही केलास?"

सालेहाने टॅबवर हात आडवा धरला, झुबकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला दोन्ही येतंय," ती कुजबुजली. "पण तिला दहाच येतात ना. सारखं सारखं चूक म्हटलं तर तिला वाईट वाटंल."