तिवरातला चेहरा

"हे निशावहिनीने काढलेलंच नाही," विनीत म्हणाला. "एआयने काढलंय. मी लिहून देतो."

आणि हे कुठे म्हणाला, तर गावदेवीच्या मांडवात, अष्टमीच्या सकाळी, अख्खं गाव दर्शनाच्या रांगेत उभं असताना. माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं. ते त्याच्या डोक्यात न घालता मी खाली ठेवलं, ही देवीचीच कृपा.

विनीत आमच्या गावातलाच. घोडबंदर रोडला कुठल्याशा आयटी कंपनीत जातो, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. आमचं गाव कळव्याच्या मागे, खाडीला लागून. ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या देवीसारखी गर्दी आमच्याकडे होत नाही, पण गावदेवीच्या नवरात्रात आम्ही काही कमी पडू देत नाही. यंदा देवीच्या मागे लावायला कमिटीला मोठं चित्र हवं होतं. ते मी टॅबलेटवर काढून दिलं आणि ते भिंतीएवढ्या कापडावर छापून आलं. खाडीचा चिखल, तिवरांची मुळं आणि त्या मुळांमधून वर येणारी शेंदरी देवी. पहिल्या माळेपासून बायका आधी मूर्तीला हात जोडत होत्या, मग चित्राला. गंगुबाईसारखी कडक म्हातारी त्या डोळ्यांकडे बघून ढसाढसा रडली. तोपर्यंत गावात मी कोण होते? दिवसभर काचेवर रेघोट्या मारत बसणारी प्रितमची बायको. पहिल्यांदा कोणीतरी मला चित्रकार म्हणत होतं, आणि हा दीडशहाणा सगळ्यांसमोर मला खोटारडी ठरवून मोकळा झाला.

वर त्याने फोन काढला. 'देवी, खाडी, तिवर' असं काहीतरी लिहिलं आणि क्षणात आलेलं चित्र रांगेत फिरवलं. "बघा, सेम!"

सेम काय, कपाळ! त्याची देवी शॅम्पूच्या जाहिरातीतली वाटत होती. पण लोकांच्या माना डोलायला लागल्या.

काळुराम काका पुढे आले. हे कमिटीचे अध्यक्ष, प्रितमचे सख्खे मोठे काका. माणूस देवभोळा, पण हट्टी असा की एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

"मशीनची देवी मी देवीच्या मागे ठेवणार नाही," ते म्हणाले. "निशा, संध्याकाळच्या आरतीच्या आत दाखव तू काढलंस ते. नाहीतर चित्र उतरणार."

"अरे, सोप्पंय!" प्रितम, माझा नवरा, जोरात ओरडला. "तिचं ते ॲप सगळं रेकॉर्ड करतं. मारलेली प्रत्येक रेघ! संध्याकाळी मोठ्या स्क्रीनवर लावू, सगळ्यांनी बघा."

बिचारा मला वाचवायला गेला होता. ते रेकॉर्डिंग मात्र मला कोणालाच दाखवायचं नव्हतं.

का, ते सांगते. मी ठरवून चित्र काढत नाही, मला ते जमतच नाही. ओहोटी लागली की खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर जाऊन बसते. चिखलात निवट्या मासे उड्या मारत असतात, तिवराची मुळं बोटांसारखी वर आलेली असतात. ते सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं, घरी यायचं, टॅबलेट देव्हाऱ्यासमोर ठेवायचा, पेनला हळदकुंकू लावायचं. पेन बिघडेल म्हणून प्रितम ओरडतो, ओरडू दे. मग "आई, बघ आता तूच" म्हणायचं आणि पहिला फराटा डोळे मिटून मारायचा. पुढे हात नेईल तिकडे जायचं.

त्या दिवशी हात चिखलाच्या रंगात फिरला, मुळं झाली, आणि मुळांमध्ये एक गाल आला. मग नाक, मग डोळे. थांबून बघते तर समोर तुळसा.

तुळसा म्हणजे काळुराम काकांची एकुलती एक लेक, माझी चुलत नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हाताला धरून खाडी दाखवली ती तिनेच. चिंबोरी कशी पकडायची, चिखलात पाय कुठे टाकायचा, सगळं. सात वर्षांपूर्वी तिने सुशांतशी लग्न केलं. तो जातीबाहेरचा. काकांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, मला लेक नव्हतीच. गावानेही मान हलवली. तेव्हापासून तिचं नाव कोणी काढत नाही. राहते कुठे, तर म्हणे डोंबिवलीला. कळव्याहून चार स्टेशनं! कमळाबाई काकी, तिची सख्खी आई, पण त्यांच्या तोंडूनही सात वर्षांत मी ते नाव ऐकलं नाही.

तुळसाला बघून मी घाबरले. पटापट शेंदूर चढवला, कपाळभर मळवट भरला, गालांवरून मुळं नेली. तुळसा दिसेनाशी झाली. डोळे मात्र पुसता आले नाहीत. पेन टेकवला आणि हातच चालेना. देवीने धरला असं मी मानते, तुम्ही काय मानायचं ते माना. म्हणजे गाव आठ दिवस ज्या डोळ्यांसमोर हात जोडत होतं, ते गावाने हाकलून दिलेल्या पोरीचे होते. व्हिडिओ लावला तर हे काकांसमोर, काकीसमोर, सगळ्यांसमोर येणार. नाही लावला तर मी जन्माची खोटारडी.

घरी आल्यावर प्रितमला सांगितलं, तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुळसाताई? अगं, वेड लागलंय का तुला? डिलीट कर ते आधी!"

"आणि सिद्ध कशाने करू? तुझ्या थोबाडाने?"

"नको करू सिद्ध. उतरू दे चित्र. काका भर मांडवात काय करतील त्याचा नेम नाही."

"माझी देवी खोटी म्हणाला तो विनीत! मी गप्प बसू?"

"आणि काकी? तिचा विचार केलास?"

रडूच फुटलं मला, रागानेच. शेवटी ठरलं ते असं की व्हिडिओ अर्ध्यापासून लावायचा. शेंदूर चढल्यानंतरचा भाग. देवी होताना दिसेल, तुळसा दिसणार नाही.

संध्याकाळी मांडवात जाताना वाटेत काकींचं घर लागतं. ओटीचं ताट हातात घेऊन त्या निघतच होत्या. त्यांना सांगून टाकावं म्हणून मी थांबले.

"काय झालं गो?" त्यांनी विचारलं. "तोंड का उतरलंय?"

"काही नाही, काकी," मी म्हणाले. धीरच झाला नाही.

मांडव खच्चून भरला होता. एरवी भजनाचे शब्द दाखवतात तो स्क्रीन लावलेला. प्रितमने टॅबलेट जोडून दिला आणि माझ्याकडे न बघता खांबाला टेकून उभा राहिला. पहिल्या रांगेत काका, त्यांच्या शेजारी विनीत, बायकांच्या बाजूला पुढेच काकी. मी बोटाने व्हिडिओ सरकवून अर्ध्यावर आणला आणि चालू केला. स्क्रीनवर शेंदूर पसरायला लागला. एकेक फराटा, एकेक मूळ. मागून कोणीतरी म्हणालं, "काढलंय गो पोरीने, दिसतंय की."

मी श्वास सोडला.

"एक मिनिट, वहिनी," विनीत. "हे मधूनच लागलंय. सुरुवात कुठाय?"

"सुरुवातीला काही नाही. नुसता चिखल आहे."

"मग दाखवा की नुसता चिखल."

लोक हसले. प्रितम पुढे आला. "अरे विनीत, आरतीला उशीर होतोय, पुरे ना आता."

"पुरे कसं? वर चार रेघा तर कोणीही मारेल. खाली एआयचं चित्र नाही कशावरून?"

काकांनी हात वर केला. "पहिल्यापासून लाव, निशा."

मी देवीकडे बघितलं. खरं सांगते, मला तिचाच राग आला. माझ्या हातून काढून घेतलंस ना तू, मग आता निस्तर तूच, असं मनात म्हटलं आणि व्हिडिओ मागे ओढला.

आधी कोरी पाटी. मग डोळे मिटून मारलेला तो तपकिरी फराटा. चिखल पसरला, पाण्याची करडी झाक आली, मुळं उभी राहिली. मुळांमध्ये गाल आला. नाक आलं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. डोळे आले.

"अगो, ही तर..." गंगुबाई म्हणाली आणि पुढचं गिळलं.

भिंतीएवढी तुळसा आमच्याकडे बघत होती. काकांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती, आणि ती पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. इतक्यात व्हिडिओतला माझा हात शेंदूर घेऊन आला. हनुवटी झाकली. ओठ झाकले.

"नको गो! पुसू नको तिला!"

काकी उभ्या राहिल्या होत्या. ताटातला नारळ खाली गडगडला, ब्लाउजपीस सुटलं, तांदूळ सांडले. "माझी बाय गो! नको पुसू!"

मी बोट टेकवलं. चित्र थांबलं. अर्ध्या तोंडाला शेंदूर लागलेली तुळसा तशीच स्क्रीनवर राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

विनीतची बोलती बंद व्हायला हवी होती. पण नाही! काही माणसांना आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही. "हे पण फोटोवरून असेल," तो हळू आवाजात काकांना म्हणाला. "फोटो टाकला की एआय चेहरा..."

"कुठला फोटो?" काका म्हणाले.

"म्हणजे, ताईचा एखादा जुना..."

"कुठला फोटो रे? मी सगळे जाळलेत. माझ्या हाताने."

काका उठले. सावकाश स्क्रीनपाशी गेले, इतके जवळ की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तुळसाच्या कपाळाचा रंग पडला. मला वाटलं, आता स्क्रीन ढकलून देतात. प्रितमही तेच समजून धावला. काकांनी हात वर नेला आणि तिच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथे एक बारीक फट होती. मी ती कधी काढली, मला आठवतही नव्हतं.

"बांधावरून पडलेली," काका म्हणाले. ते आमच्याशी बोलत होते की स्वतःशी, देव जाणे. "एवढीशी होती. मीच उचलून डॉक्टरकडे पळालो. टाके घालेपर्यंत माझा सदरा सोडला नाही तिने." मग ते विनीतकडे वळले. "हे तुझ्या मशीनला कोणी सांगितलं रे?"

विनीतने मान खाली घातली. आरतीची वेळ टळून गेली होती, पण घंटेला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. शेवटी काका कोरड्या आवाजात म्हणाले, "प्रितम, शिडी आण. चित्र उतरव."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं ह्या माणसासमोर मी मान वर करून बोलले नव्हते. "का? का उतरवायचं? आता काय खोटं राहिलं त्यात? लेकीचं तोंड बघवत नाही म्हणून माझी देवी उतरवताय?"

"निशा!" प्रितम दबक्या आवाजात ओरडला.

"बोलू दे तिला," काका म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "खोटं नाही, म्हणून उतरवतोय पोरी. माझी लेक देवळात कशाला उभी राहील? तिला घर आहे."

मांडवात कोणीतरी हुंदका दिला. प्रितम शिडीकडे गेला, पण त्याला ती उचलेना, नुसता धरून उभा राहिला. काकांनी आजूबाजूला बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

"डोंबिवलीला कुठे राहते ती?" त्यांनी विचारलं. "कोणाला माहितीये का घर?"

काकी खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करत होत्या. त्यांनी ब्लाउजपीस झटकलं, नारळ पुसला, ओटी नीट ताटात मांडली आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"चला," त्या काकांना म्हणाल्या. "मी दाखवते."