लक्ष्मीला लाथ

सुकदेवभाऊला एकाच शब्दाची चीड होती. उचला.

केळीचे घड भरलेली ट्रॉली उलटली, तो खाली सापडला आणि कंबरेखालचं सगळं मेलं, तेव्हापासून हा शब्द त्याच्या मानगुटीवर बसला होता. ओट्यावर बसवायचंय, उचला. आंघोळीला न्यायचंय, उचला. धाकटा भाऊ अभिमन गल्लीतल्या दोघातिघांना हाक मारायचा, "या रे, भाऊले उचला," की सुकदेवच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अरे, उचलतात ते मढं! मी जिता हाये अजून," असं तो ओरडायचा, आणि ओरडता ओरडताच उचलला जायचा. दुसरं करणार काय?

मग भुसावळला अपंगांचं शिबिर भरलं. तिथे तीनचाकी सायकली फुकट मिळत होत्या. हाताने पायडल फिरवायचं की गाडी पुढे. झुंबरबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिच्याभोवती एक चक्कर मारली, पायडल स्वतः फिरवून पाहिलं. तिला ती मनापासून आवडली.

"हे बरं हाये. मनात आलं का निघालं. कोनाले हाक माराले नको."

"येडी का खुळी तू?" सुकदेव तिच्यावर खेकसला. "स्टेशनासमोर भिकारी कशात बसतात, पाह्यलं नाही का? आपल्या सावद्यात मी याच्यात फिरलो तर लोक मांडीवर चार-चार आने टाकतीन."

झुंबरबाई गप्प बसली. त्या घरात ती नेहमीच गप्प बसायची, आणि खरं सांगायचं तर नेहमी तिचंच बरोबर असायचं.

सुकदेवने घेतली स्कूटर. जुनीच, पण निळा रंग मारलेली. भुसावळच्या रुपचंद मिस्त्रीने मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक जादा चाक बसवलं, पायाचा ब्रेक हाताशी आणला. मोठा हुशार माणूस! स्वतः किक मारून त्याने गाडी चालवून दाखवली, स्वतःच सावद्याला आणून दारात लावली. झुंबरबाईने हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी म्हणजे घरात आलेली लक्ष्मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेव ओट्यावरून घसरत घसरत आपला आपण सीटवर गेला. कुणी उचललं नाही. छाती फुगवून त्याने चावी फिरवली, आणि तसाच बसून राहिला. किक मारायची होती. पाय मेलेल्या माणसाने पायाने सुरू होणारी गाडी घेतली होती! मिस्त्रीच्या लक्षात आलं नाही, अभिमनच्या नाही, खुद्द सुकदेवच्याही नाही. अभिमन शेतात निघून गेलेला. आता?

"तू मार," तो बायकोला म्हणाला.

"अवो, कालच पूजा केली हिची. लक्ष्मीले लाथ कशी मारू?"

"मार म्हनतो ना!"

झुंबरबाईने लुगड्याचा काष्टा आवळला आणि मारली लाथ. गाडी फुरफुरली. लगेच ती खाली वाकली, किकच्या रबराला हात लावून तो तिने कपाळाला लावला. पोथीला पाय लागला की आपण करतो ना, तसं. मग रोजचंच झालं. आधी लाथ, मग नमस्कार.

गाव काय सोडतं! "काय सुकदेवभाऊ, वयनीच्या लाथेबिगर गाडी हालत नाही म्हने?" पारावरचे विचारायचे.

"तुमच्या घरी लाथा खाऊनबी कोनी हालत नाही!" असं ठणकावून हा फटफट करत पुढे.

खूष होता हो तो. केळीच्या बागेत बांधापर्यंत जायचा, पाटाला पाणी आलं का पाहायचा, मजुरांवर आवाज चढवायचा. पण गाडी मात्र कधी बंद करायचा नाही. बंद केली की पुन्हा दुसऱ्याच्या हातात. लोक म्हणायचे, "भाऊ, फुकट पेट्रोल जळतं." तो म्हणायचा, "जळू द्या." एकदा बांधावर ती आपोआप बंद पडली, तेव्हा तो भर उन्हात बसून राहिला. शेवटी झुंबरबाईच शोधत चालत आली. लाथ मारली, नमस्कार केला. त्याने तिला मागे बसवलं. गाव जवळ आलं तशी लाजून ती उतरली आणि मागून चालत आली.

अलीकडे एका लाथेत भागत नव्हतं. दोन-तीन माराव्या लागायच्या. मग ती ओट्याला हात टेकून दम खायची, आणि हा वर म्हणायचा, "जोर लाव ना जरा!"

त्या दिवशी सगळी गल्ली लग्नाला रावेरला गेली होती. वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढायचं म्हणजे पुन्हा उचला, म्हणून सुकदेव गेला नाही, आणि त्याच्यासाठी झुंबरबाई राहिली. भाकरी थापता थापता ती छाती धरून खाली बसली. घामाने भिजली. ओठ काळे पडले.

सुकदेवने हाका मारल्या. दारं सगळी कुलुपबंद. दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो घसरत ओट्यावर आला, तिथून खाली पडला, दोन्ही हातांनी किक दाबायला लागला. किक उलटी आली आणि मनगटावर बसली. तो लहान पोरासारखा रडायला लागला.

तेव्हा ती भिंत धरत बाहेर आली. "बसा तुम्ही गाडीवर," म्हणाली.

नको म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तो म्हणाला नाही. ओट्यावर चढला, सीटवर गेला. पहिली लाथ वाया गेली. दुसरीही. तिसऱ्या लाथेला गाडी सुरू झाली. मागे चढून बसण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. झुंबरबाई सवयीने वाकली, हात पुढे केला.

"राहू दे तुझं ते!" तो ओरडला आणि निघाला. तिचा हात किकपर्यंत पोचलाच नाही.

डॉक्टरला मागे बसवून तो परत आला तेव्हा ती ओट्याला टेकून बसलेली होती. डॉक्टरने नाडी पाहिली आणि मान हलवली.

रावेरला निरोप गेला, दुपारपर्यंत वऱ्हाड धावत परत आलं. बायकांनी हंबरडा फोडला. तिरडी बांधली. आणि दारात गाडी तशीच चालू, फटफट, फटफट. सुकदेव तिच्यावरून उतरला नव्हता.

"भाऊ, बंद करा आता," अभिमन हळूच म्हणाला.

"बंद केली तर चालू कोन करीन?"

अभिमनने चावीकडे नेलेला हात मागे घेतला.

"तिच्यामांगे मी माझा येईन," सुकदेव म्हणाला. "आज तरी मले कोनी उचलायचं नाही."

पुढून कुणीतरी म्हणालं, "चला, उचला."

चौघं तिरडीला वाकले, आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडली. अभिमनने किक मारली, पुन्हा मारली, मारतच राहिला. मग टाकीचं झाकण काढून आत पाहिलं.

"पेट्रोल संपलं, भाऊ."

खांद्यावर घेतलेली तिरडी थांबत नाही. ती गल्लीच्या तोंडाशी पोचलीही. अभिमन मान खाली घालून उभा राहिला. तो शब्द त्याच्याने बोलवेना.

"उचला मले," सुकदेवच म्हणाला.

तिघांनी त्याला उचललं. गाडीच्या उजव्या अंगाला आले तेव्हा तो म्हणाला, "थांबा. जरा खाली घ्या."

त्यांनी खाली घेतलं. किकचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. जन्मात कधी बायकोच्या पाया न पडलेल्या सुकदेवने त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.