गोटीरामाच्या ओंजळीचे पाणी

आशेवाडीचा गोटीराम, गोटीरामाचा वाळू, वाळूचा यादव. आणि यादवची लेक हर्षाली, जी परवाच्या रविवारी आम्हां नाशिककरांना माहिती देत रामशेज किल्ल्यावर घेऊन गेली.

गोटीरामाचा एक नेम होता. गडावरच्या टाक्याचे पाणी ज्याला पाजले, त्याने उतरण्याआधी तेच पाणी आपल्या हाताने दुसऱ्याला पाजायचे. लग्नाच्या वर्षी मी तिथे भोवळ येऊन पडले, तेव्हा गोटीरामाने मला ओंजळीने पाणी पाजले. मला मात्र घोंगडीच्या झोळीतून तसेच खाली आणावे लागले. नेम राहून गेला. पुढे संसारात गड चढणे झाले नाही, आणि आता गुडघे ऐकत नाहीत. या खेपेला राहिले असते, तर कायमचेच राहिले असते.

"आजी, तू पायथ्याशी बस. मी फोटो काढून आणते," माझी नात मृण्मयी म्हणाली.

"फोटोतून पाणी पाजता येते का?"

ती माझ्याबरोबर चालू लागली.

कातळात खोदलेल्या पायऱ्यांपाशी मी थांबले. हर्षालीने खांदा पुढे केला.

"नको. तुमच्या घरचे आधीचेच फिटलेले नाही."

तिला काही उलगडले नसावे. तिने इतरांना पुढे जाऊ दिले आणि हळूच म्हणाली, "मग तुम्हीच मला धरा, आजी. पहिलीच फेरी हाय माझी. एवढ्या लोकांपुढे बोलून हात गार पडलेत."

मी तिचा हात धरला. चांगला उबदार होता. पोर खोटे बोलण्यात अगदीच कच्ची. पण मी हात सोडला नाही.

वर तिने पणजोबांचा नेम सर्वांना सांगितला. ते टाके तिच्या घरचे अजून उपसून स्वच्छ ठेवतात. मी वाकले, मृण्मयीने मागून घट्ट धरले. पहिली ओंजळ सांडली. दुसरी भरली.

"हर्षाली, इकडे ये. पी."

"अहो आजी, आधी मी तुम्हांला पाजते."

"मला तुझ्या पणजोबांनी पाजले आहे. नव्या नवरीला, इथेच. पी म्हणते ना!"

मघाचे माझे बोलणे तिला आता उलगडले. ती गुडघे टेकून बसली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ओढणीने तोंड पुसत म्हणाली,

"फिटलं, आजी. आता खुशाल उतरा."