दाढ विझली तेव्हा

बोर्ड बनवणाऱ्या बाळ्याला त्याच्या ताईने शिवणाची मशीन चालवून वाढवलं. बदल्यात कधी काही मागितलं नाही. या आठवड्यात मागितलं: धूमकेतू बघायचाय.

मागचा धूमकेतू आला तेव्हा सगळी गल्ली गच्चीवर होती. ताई तापाने फणफणलेल्या बाळ्याला मांडीवर घेऊन आत बसली होती.

आज शेवटची संध्याकाळ. उद्यापासून तो सूर्याबरोबरच मावळणार. आणि गच्चीवरून पश्चिमेला, बरोबर आडवी, दातांच्या डॉक्टरांच्या बोर्डाची दिव्यांची दाढ. माणसाएवढी, पांढरीफेक. बाळ्यानेच बनवलेली.

काल दोघांना एक लांबट उजेड दिसला होता. ताईने हातही जोडले. मग तो मिटला, पुन्हा पेटला. सात सेकंदांचा टायमर बाळ्याच्याच हातचा. दूरच्या इमारतीच्या काचेत दाढच चमकत होती. ताई पोट धरून हसली. बाळ्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तो डॉक्टरांकडे गेला. बोर्ड बंद दिसला की पेशंट परत जातात, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, दहा मिनिटं पुरतील का.

सात पंधरा.
दाढ विझली.

सात सतरा.
काही नाही. दुकानं, गाड्या, रस्त्याचे दिवे. आभाळ ताकासारखं पांढुरकं.

सात एकोणीस.
ताई खाली गेली. बाळ्याला वाटलं, संपलं.

सात एकवीस.
ती आली ती काळं अस्तर आणि कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी घेऊन. डोक्यावरून अस्तर ओढलं, नळी डोळ्याला लावली. काळ्या कापडावरचा काळा टाका उसवताना ती असंच करायची: बाजूचा उजेड आधी तोडायचा.

सात तेवीस.
अस्तराच्या आतून आवाज आला, "अगंबाई. एवढासाच?"

मग नळी त्याच्या हातात. "बघ. तेव्हा तुझाही बघायचा राहिला होता."

कापड बेतायच्या खडूची रेघ बोटाने पुसावी, तेवढाच पुसट धूमकेतू. बाळ्याला तो नीट दिसेना; डोळे भरून आले होते.

सात तीस.
दाढ अजून अंधारातच. बाळ्याने खाली वाकून पाहिलं. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर आणि गाल सुजलेला एक पेशंट, दोघेही मान वर करून पूर्वेकडे बघत होते.

"नळी नेऊन दे त्यांना," ताई म्हणाली. "आणि तोंडं फिरव त्यांची."

बाळ्या दोन-दोन पायऱ्या उतरत सुटला.