टकटक थांबते तेव्हा

मी भिंतीतल्या प्लगात बसणारा एक पांढरा डबा आहे, मुठीएवढा. माझा जोडीदार अंगणापलीकडे गोठ्यात, तसाच प्लगात. दोघं एकाच खोक्यातून आलो. घरातलं इंटरनेट मी विजेच्या तारेत सोडतो, तो तिकडे उतरवून घेतो. गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र तो पाठवतो, मी घरात पोचवतो. या दगडी भिंतींपुढे वायफायचे डबे हरले. आम्ही नाही.

आम्हाला मॅलकीने बसवलं. लीट्रिम परगण्यातल्या डोंगरात त्याची सात गुरं. गाय व्यायला आली की तो स्वयंपाकघरातून पडद्यावर तिला बघायचा.

अडचण एकच, गोठ्यातलं झटका मशीन. ते कुंपणाला झटके सोडायचं आणि आमच्या तारेत टक, टक, टक. चित्र गोठून जायचं. मग मॅलकी जाऊन मशीनचा प्लग काढायचा, वायरला तीन वेढे द्यायचा आणि भिंतीवरच्या नालावर टांगायचा. का, ते त्याने बायकोला कधी सांगितलं नाही. डिम्प्नाने विचारलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅलकी गेला.

मार्चमध्ये पुतण्या फिंटन गुरं न्यायला गाडी घेऊनच आला.

"काकू, गुडघे धरून चालतेस तू. कुणाच्या जोरावर गुरं ठेवणार?"

"पहिलारू आज व्यायला आलीये. वासरू जिवंत निघालं तर गुरं राहतील. नाहीतर सगळी ने."

"तासभर पडद्यावर ती गाय जागची हलली नाही! गाय आहे की फोटो?"

"शांत असेल. पाव खा आणि गप्प बस."

गाय शांत नव्हती. जोडीदार एकामागून एक चित्रं पाठवत होता, टकटकीत सगळी फुटत होती. मी काय करणार? मला हात नाहीत.

मग टकटक थांबली.

मॅलकी गेल्यापासून तारेत इतकी शांतता मी ऐकली नव्हती. चित्र लख्ख झालं. गाय आडवी पडलेली, वासराचे मागचे पाय बाहेर.

"फिंटन, ऊठ! उलटं आलंय!"

दोघं धावली. गोठ्याची कडी बाहेरून लावलेली होती. पुढचं सगळं जोडीदाराने मला दाखवलं. दोघांनी मिळून ओढलं. वासरू पडलं, निपचित राहिलं, मग शिंकलं. फिंटन हसला. हसता हसता त्याची नजर भिंतीवर गेली.

"काकू, मशीनचा प्लग कधी काढलास?"

"मी कशाला काढू? सकाळी चालू होतं."

वायर नालावर टांगलेली होती. डिम्प्नाने बोट लावून वेढे मोजले. तीन.

फिंटनने टोपी काढली. थोड्या वेळाने तो रिकामी गाडी घेऊन गेला.

जोडीदाराला मी विचारलं, कोण होतं? तो म्हणाला, "कॅमेऱ्यात कोणी आलं नाही. पण प्लग ओढताना बोटं मला लागली. गार होती."

त्यानंतर तीन गाई व्यायल्या. तिन्ही वेळा डिम्प्ना मशीन चालूच ठेवून पडद्यासमोर हात जोडून बसली. तिन्ही वेळा टकटक थांबली.

पुढेमागे या घरात दुसरं कोणी येईल, मला भिंतीतून उपटेल. उपटा. मी जुना झालोय. पण तोवर, गोठलेलं चित्र आपोआप लख्ख झालं, तर कोणी केलं विचारू नका. गोठ्याकडे धावा.