गळ मागायला कुणी आले नाही

मी विहिरीत पडलेली भांडी वर काढणारा एक जुना गळ आहे, मित्रांनो, आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. मासे धरायचा गळ वेगळा, तो बारीक आणि उद्योगी. मी चांगला वीतभर उंचीचा, पाच आकड्यांचा, डोक्यावरच्या कडीला काथ्याचा दोर बांधलेला. कुणाची बादली सुटली, कुणाची कळशी हातातून निसटली, की मला खाली सोडायचे, तळ चाचपायचा आणि सापडेल ते घेऊन वर यायचे, एवढेच माझे काम. ते मी इमानाने केले. पण एकदाही न घाबरता केले नाही.

जन्मापासून मी काही गळ नव्हतो. शीळफाट्याकडून कल्याणला भाताची पोती नेणाऱ्या एका बैलगाडीच्या चाकावरची मी लोखंडी धाव होतो. ऊन, धूळ आणि खडी यांच्याशी माझी ओळख होती. पाण्याशी संबंध आला तर ओढा ओलांडण्यापुरता. पुढे चाक मोडले आणि गाडीवानाने मला कल्याणच्या महिपत लोहाराकडे टाकले. महिपतने मला भट्टीत घालून लाल केले, ठोकले, वाकवले, माझी पाच बोटे काढली आणि शेवटी पाण्याच्या डोणीत बुडवले. तेव्हा जो चर्र आवाज झाला तो माझा पहिला हंबरडा होता. "ओरड, ओरड," महिपत म्हणाला, "आता जन्मभर पाण्यातच जायचंय तुला." तो बिचारा थट्टेने बोलला, पण माझ्या मनात ते कायमचे बसले.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास डोंबिवलीचे हरिहरपंत मला घरी घेऊन आले. ते ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. एकाच घराचे दोन भाग होते. पुढच्या भागात हरिहरपंत आणि त्यांची पत्नी वासंतीबाई. मागच्या भागात धाकटे भाऊ त्र्यंबकराव, त्यांची पत्नी सुमती आणि मुलगी सरोज. त्र्यंबकराव कल्याणच्या शाळेत मास्तर होते. मध्ये अंगण, अंगणात विहीर. भावांची आई, माई, सकाळचा चहा एका चुलीपाशी घ्यायची आणि संध्याकाळचा दुसऱ्या. दोन्ही चुलींना तिने सारखीच नावे ठेवली, त्यामुळे घरात शांतता होती.

माझी खुंटी वासंतीबाईंच्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागे होती. आळीत दुसरा गळ नव्हता, म्हणून माझा मान मोठा. "वासंतीबाई, जरा गळ देता का?" असे कुणी ना कुणी दाराशी येऊन म्हणायचे, आणि गळाबरोबर घटकाभर गप्पाही घेऊन जायचे. वासंतीबाईंचे नियम कडक होते. मला धुऊन, पुसून परत आणायचे. आणि दिवे लागल्यावर लोखंड घराबाहेर जाणार नाही, मग कुणाची चांदीची का वाटी पडलेली असेना. "सकाळी या," असे त्या सांगायच्या, आणि माणसे खरोखरच सकाळी यायची.

मला दोरावर धरावे तर त्यांनीच. विहिरीच्या तळाशी मला काही दिसत नाही, मित्रांनो. सगळे बोटांनी ओळखायचे. तांब्याची कड लागली की टणक कळते, पितळेचा आवाज जाड येतो, दगड नुसताच हट्टी असतो. हे सगळे दोरातून वासंतीबाईंच्या हाताला पोचायचे आणि त्या वरूनच सांगायच्या, "कळशी आहे, काठ सापडत नाहीये." पण मऊ काही लागले की मी गारठून जायचो. पहिल्याच वर्षी माझ्या बोटांत कापड अडकले होते. ओढताना ते जड, सैल, माणसासारखे वर येत होते, आणि कठड्याभोवतीच्या बायकांचे श्वास थांबले होते. वर आल्यावर कळले की शेजारच्या रंगूबाईंचे धुताना निसटलेले लुगडे आहे. सगळ्या हसल्या. रंगूबाई सर्वांत जास्त हसल्या. मी मात्र त्या दिवसापासून मऊ वस्तूला भितो.

मग माईला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी पातळ पेजेशिवाय काही देऊ नका म्हणून बजावले होते. माई मात्र ताक मागायची. हिंग-मीठ लावलेले, थोडे आंबट ताक. वासंतीबाई डोळ्यांत पाणी आणून नाही म्हणायच्या. एका दुपारी त्या विहिरीवर गेल्या असताना सुमतीला माईचा तो सूर ऐकवेना, आणि तिने वाटीभर ताक पाजले. माई ओठांना लागलेले ताक पुसणाऱ्या लहान पोरासारखी हसली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

ताकाने गेली की तापाने, हे सांगणारा कुणी नव्हता. डॉक्टरांनीही खांदे उडवले. पण तेराव्याच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, वासंतीबाई स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाल्या, "ताक कुणी दिलं ते मला ठाऊक आहे. बरं होत आलेलं माणूस घालवलं."

सुमती हातातली ताटे ठेवून मागच्या घरात गेली. त्या दिवसापासून दोघींचे बोलणे तुटले. दोघी जावा एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळी पाणी भरू लागल्या. भाऊ एकमेकांशी वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर तेवढे बोलायचे. माईच्या आठवणी दोन्ही घरांत निघायच्या, पण वेगवेगळ्या, आणि हळू आवाजात.

त्याच सुमारास एका पहाटे सुमतीची बादली दोरासकट विहिरीत पडली. तो आवाज मी खुंटीवरून ऐकला. वासंतीबाईंनीही ऐकला. त्या चुलीपुढून उठल्या, मला खुंटीवरून काढले, दाराजवळ ठेवले आणि वाट पाहू लागल्या. गळ मागायला कुणी आले नाही. "मागू दे की," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी काय नाही म्हणणार आहे?" पण सुमतीने रंगूबाईंची बादली मागून आणली, पुढे दुसरी विकत घेतली, आणि तिची ती जुनी बादली तळाशीच राहिली. संध्याकाळी वासंतीबाईंनी मला परत खुंटीला टांगले. मला वाटले, बरे झाले, आज खाली जावे लागले नाही. माझी भीती तेव्हा एवढीच लहान होती.

वर्ष सरले. मार्गशीर्षात माईचे वर्षश्राद्ध आले. स्वयंपाक वासंतीबाईंनी केला. सुमती न बोलावता आली, केळीची पाने पुसून दिली, मीठ वाढले आणि कोपऱ्यात उभी राहिली. कावळ्यासाठीचे पान अंगणातल्या कठड्यावर ठेवले. कावळे आले, विहिरीच्या खांबावर बसले, मान वाकडी करून पानाकडे पाहू लागले, पण खाली उतरेनात. हरिहरपंत हात जोडून म्हणाले, "आई, सरोजचं शिक्षण मी नीट करीन." कावळा हलला नाही. त्र्यंबकराव म्हणाले, "आई, आम्ही दोघं भाऊ वेगळे होणार नाही." कावळा पंख साफ करत राहिला. उन्हे वर चढली, पाहुणे भुकेने चुळबुळले, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि पंगत बसवली.

तेव्हा वासंतीबाई पुन्हा बोलल्या. या खेपेला आवाज मोठा नव्हता, पण सुमती दोनच हातांच्या अंतरावर उभी होती. "शिवेल कसा? ज्या हातानं माईंना घालवलं, तोच हात लागलाय ना पानाला."

सुमतीने हातातले मिठाचे भांडे खाली ठेवले आणि ती आपल्या घरात निघून गेली.

जेवणे झाली. दोघे भाऊ भटजींना आणि पाहुण्यांना पोचवायला कल्याणला गेले. वासंतीबाई सर्वांत शेवटी एकट्याच जेवायला बसल्या. आणि तेव्हा विहिरीत काहीतरी पडले.

मित्रांनो, पडणाऱ्या भांड्याचा आवाज मला ओळखू येतो. पण मध्ये भिंत होती, वर कावळ्यांचा कालवा चालला होता, आणि मला एवढेच कळले की जे पडले ते जड होते. वासंतीबाईंचा घास हातात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता उठतील. पण त्यांनी घास तोंडात घातला. येईल मागायला, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. मी खुंटीवर लटकत वाट पाहिली. गळ मागायला कुणी आले नाही.

दिवेलागण झाली. वासंतीबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले, तेवढ्यात सरोज दारात आली. वर्षभरात ती त्या उंबऱ्यापाशी आली नव्हती.

"काकू, आई आहे का इथे?"

"इथे कशाला असेल? घरात नाही?"

"मी शाळेतून आले तेव्हापासून नाही. रंगूबाईंकडे पण नाही. विहिरीवर तिच्या चपला आहेत." पोरीने विहिरीकडे बोट दाखवले. "आणि कळशी नाहीये."

वासंतीबाई हाताने भिंत धरून उठल्या. दिवा लागलेला होता. तरी त्यांनी मला खुंटीवरून ओढले, दोराचे वेटोळे खांद्यावर टाकले आणि अनवाणीच धावल्या. सरोजला त्यांनी रंगूबाईंना बोलवायला पिटाळले. पोरीने ते पाहू नये म्हणून पिटाळले, हे मला कळले आणि माझी पाचही बोटे गार पडली.

कठड्याजवळ सुमतीच्या चपला शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या होत्या.

मी खाली गेलो. विहिरीतला अंधार मला सवयीचा होता, पण दोर असा कधी थरथरला नव्हता. तळाला गाळ लागला, दगड लागला. वासंतीबाई मला भिंतीकडेने फिरवू लागल्या. प्रत्येक हिसक्याला मी मनात म्हणत होतो, तांबे लागू दे, पितळ लागू दे, काहीही टणक लागू दे. आणि मग मला मऊ लागले.

ते मऊ होते, बुळबुळीत होते, लांब होते, आणि जड होते. माझी दोन बोटे त्यात रुतली. दोर ताणला गेला आणि वर वासंतीबाईंना सगळे समजले. त्या ओढेनात. त्यांना ओढवेना. दोर हातात गच्च धरून त्या कठड्यावर वाकल्या आणि विहिरीत बोलू लागल्या.

"सुमती, अगं, मला तसं नव्हतं म्हणायचं. माझ्या हातून ताक दिलं गेलं नाही, तू दिलंस, तेच मला सोसलं नाही. माई तुझ्याकडे बघून हसल्या गं. चुकले मी. वर ये. काहीही बोल मला, पण वर ये."

विहिरीने त्यांचाच आवाज त्यांना परत दिला. मग त्यांच्या पाठीमागून कुणीतरी म्हणाले, "वहिनी."

वासंतीबाई वळल्या नाहीत.  मागे कोण उभे आहे हे पाहायचे धैर्य त्यांना होत नव्हते, आणि खरे सांगतो, मला वर ओढावे असे मलाही वाटत नव्हते. तेवढ्यात दोराला आणखी दोन हात लागले. ते ऊबदार होते.

"ओढा वहिनी. मी आहे इथे."

दोघींनी मिळून मला वर घेतले. माझ्या बोटांत शेवाळाने बरबटलेला काथ्याचा जुना दोर होता, आणि दोराच्या टोकाला गंजलेली बादली. वर्षापूर्वी पडलेली, गळ मागितला नाही म्हणून तळाशी राहिलेली.

वासंतीबाई बादलीपाशी खाली बसल्या. सुमतीही बसली. तिची पावले चिखलाने भरलेली होती आणि मांडीवर एक रिकामी वाटी होती.

"खाडीवर गेलेले," ती म्हणाली. "संध्याकाळी तिकडे कावळे जमतात. पानावर भात ठेवला आणि वर ताक घातलं. लगेच शिवला हो."

"ताकच हवं होतं त्यांना," वासंतीबाई म्हणाल्या.

 सुमती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आधी इथे आलेले. चपला काढल्या. कठड्यावर बसले आणि कळशी सोडून दिली. फार खाली गेला आवाज. घाबरले मी. सरोज शाळेतून आल्यावर काय खाईल, ते आठवलं. मग चपला घालायचंही सुधरलं नाही, घरातून भात-ताक घेतलं आणि तशीच खाडीवर गेले."

वासंतीबाईंनी तिची चिखलाची पावले आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि पदराने पुसायला सुरुवात केली. सुमती "अहो, काय करता" म्हणत राहिली, पण तिने पाय मागे घेतले नाहीत. रंगूबाईंचा हात धरून सरोज आली, तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. पोर आईला जी बिलगली ती सोडेना.

जाताना सुमती थांबली. "वहिनी, ती कळशी माईंनी दिलेली होती. उद्या सकाळी गळ द्याल?"

मित्रांनो, त्या वर्षभरात मला किती वेळा वाटले असेल की हे शब्द कुणीतरी उच्चारावेत. वासंतीबाईंनी होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून तळ ढवळला. कळशी सापडली नाही. ती गाळात कुठेतरी आहे, मला अजूनही सापडलेली नाही. पण त्याच दिवशी वासंतीबाईंनी हरिहरपंतांना सांगून विहिरीच्या खांबालाच एक मोठा खिळा मारून घेतला आणि मला तिथे टांगले. दिवे लागलेले असोत की नसोत, मला घ्यायला आता कुणाला कुणाचा उंबरा चढावा लागत नाही.

हल्ली नळ आला आहे. विहिरीवर फळ्या टाकल्या आहेत आणि मी खांबावर गंजतो आहे. माईच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी दोघींपैकी एक कुणीतरी मला खोबरेल लावते. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जुने लोखंड असेल, त्याला वर्षातून एकदा तेलाचे बोट लावा, आमचे तेवढ्याने भागते.

पाण्याची भीती माझी अजून गेलेली नाही. पण त्या दुपारची भीती त्याहून मोठी आहे. शेजारी काहीतरी पडल्याचा आवाज आला होता, घास हातात होता, गळ खुंटीवर होता, आणि आम्ही मागायला येण्याची वाट पाहत बसलो होतो. तुम्हाला कधी असा आवाज आला आणि मागायला कुणी आले नाही, तर हातातला घास ताटात ठेवा आणि गळ घेऊन तुम्हीच जा.